कोरडी पट्टी

आप्पांना दिसेनासं झालंय हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं. चहाचा कप खाली ठेवण्याआधी ते टेबलाची कड बोटानं चाचपायचे. दारात कुणी आलं की मोठ्यानं "या, या" म्हणायचे, पण तो माणूस बोलेपर्यंत त्याचं नाव घ्यायचे नाहीत. पेपर समोर धरून बसायचे, मधूनमधून पान उलटायचे, आणि संध्याकाळी मलाच विचारायचे, "काय म्हणतोय गं आजचा पेपर?" एकदा गेटपाशी बाजूनं स्कूटर आली ती त्यांना दिसलीच नाही. स्कूटरवाला शिव्या देऊन गेला. आप्पा घरात येऊन म्हणाले, "पोरं कशी चालवत्यात बघ."

मी सगळं बघत होते आणि गप्प होते. भावाला सांगितलं नाही, डॉक्टरकडं नेलं नाही. मला कळलंय हे आप्पांनाही कळू दिलं नाही. असं दोन वर्षं चाललं. लक्षात राहिलं नाही, वेळ झाला नाही, असली कारणं मी नंतर लोकांना दिली. खरं म्हणजे मी ते राखून ठेवलं होतं.

आप्पा निपाणीच्या बस डेपोत मेकॅनिक होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी इंजिनं खोलली आणि बसवली. फाटकातून बस आत आली की आवाजावरून ते तिचं दुखणं सांगायचे, आणि डेपोत त्यांचा शब्द शेवटचा असायचा. घरी एक जुनी जीप होती. तिचं ऑइल ते स्वतः बदलायचे आणि त्या दिवशी धाकट्या भावाला शेजारी उभं करायचे. नट कुठल्या बाजूला फिरवायचा, फिल्टर हातानंच का आवळायचा, ऑइल किती घालायचं, सगळं त्याला. मला साबण आणि पाण्याची बादली घेऊन लांब उभं राहायचं असे. भावाला त्यात काडीचा रस नव्हता. तो आभाळाकडं बघत उभा राहायचा. मी लांबून एकेक गोष्ट पाठ करत होते.

बारा वर्षांची असताना एकदा ते आत गेलेले बघून मी ऑइलची पट्टी ओढून काढली. इंजिनात ऑइल किती आहे ते बघायची ती लांब सळई, टोकाला दोन खुणा असलेली. आप्पांनी बाहेर येऊन ती माझ्या हातातून घेतली आणि तिनंच माझ्या तळहातावर मारलं. त्यांचे डेपोतले दोघं-तिघं चहाला आले होते, त्यांच्यादेखत. "पोरीनं हात लावला की इंजिन बसतंय," असं म्हणून ते हसले, आणि पाहुणेही हसले.

पुढं मी शिकले, बेळगावात कॉलेजवर लागले, वडगावच्या बाजूला लहानसं घर घेतलं. लग्न केलं नाही. आई गेल्यावर आप्पा माझ्याकडं राहायला आले, कारण भाऊ पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि तिथं त्यांना करमेना. मी गाडी घेतली तेव्हा त्यांनी तिला दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "चालव. पर बॉनेट उघडू नगंस. ते मी बघतो." माझ्या गाडीचं ऑइल ते बदलू लागले आणि बेचाळीस वर्षांची मी पुन्हा बादली घेऊन लांब उभी राहू लागले.

दसऱ्याला भाऊ आणि वहिनी आले होते. निपाणीहून आप्पांचे एक जुने डेपोतले मित्रही आले होते, ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. खंडेनवमीला गाडीची पूजा, म्हणून आदल्या दिवशी सकाळी ऑइल बदलायचं हे आप्पांचं ठरलेलं. त्यांनी पुढची चाकं फळ्यांवर चढवून घेतली, खाली सतरंजी टाकली आणि आडवे झाले. हात बरोबर नटावर गेला. जुनं ऑइल निथळलं, नवा फिल्टर बसला. भावाला गाडी उतरवून रस्त्यावर सपाट जागी लावायला सांगितली. मग त्यांनी पाण्याच्या लिटरच्या तीन रिकाम्या बाटल्या घेतल्या. चार लिटरच्या डब्यातनं एकेक बाटली गळ्यापर्यंत भरायची, वर बोट घालून बघायचं आणि मग ती इंजिनात रिकामी करायची. मला तो म्हातारपणाचा चाळा वाटायचा. डब्यातनं सरळ ओतायला काय झालं यांना?

इंजिन मिनिटभर चालवून बंद केलं. मग गप्पा मारत दहा मिनिटं थांबले, ऑइल खाली बसावं म्हणून. आता पट्टी बघायची. एरवी ती तेच काढत, उजेडाकडं धरत, "झ्याक" म्हणत आणि परत घालत. त्या दिवशी मी पुढं झाले.

"आप्पा, मी काढून देते. तुम्ही बघा."

मित्र समोर होते म्हणून असेल, त्यांनी काढू दिली. पहिल्यांदा काढलेली पट्टी पुसायची, परत आत घालायची, आणि दुसऱ्यांदा काढली की तिच्यावर ऑइल कुठवर लागलंय ते बघायचं. हे मी तीस वर्षांपूर्वीच पाठ केलं होतं. मी पट्टी काढली. फडक्यानं टोकापर्यंत पुसली, दोनदा. आणि परत न घालताच त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती हातभर लांब धरली. उन्हाकडं केली, जरा तिरपी केली.

"दोन खुणांच्या बरोबर मधी," ते म्हणाले. "झ्याक."

"अजून हात बसलाय गड्या तुझा," मित्र म्हणाले.

मी वाट बघितली. सगळ्यांनी ते ऐकलंय याची खात्री करून घेतली.

"आप्पा, पट्टी कोरडी आहे. मी पुसली, ती परत घातलीच नाही."

भाऊ हसला. त्याला ती गंमत वाटली. मी पट्टीवरून बोट फिरवून सगळ्यांना दाखवलं, त्याच्यावर थेंबभर ऑइल नव्हतं. "बघा. ठणठणीत कोरडी. आणि आप्पांना दोन खुणांच्या मध्ये दिसतंय." भावाचं हसू गेलं. मी थांबले नाही. "किती दिवस दिसत नाही तुम्हाला? आणि असल्या डोळ्यांनी माझं इंजिन खोलता? आजपासून बॉनेटला हात लावायचा नाही."

आवाज माझाच होता, पण बोलण्याची ढब त्यांची. ते मला बोलता बोलताच कळलं आणि बरंही वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण बरं वाटलं.

आप्पा पट्टी परत घालायला वाकले. पट्टी जिच्यात जाते ती नळी बोटाएवढीसुद्धा जाड नसते. पट्टीचं टोक आधी एका पाइपला लागलं, मग दुसऱ्याला. तिसऱ्यांदा इंजिनाच्या झाकणावर खट्ट वाजलं. वहिनी धरून आम्ही चौघं तिथं उभे होतो आणि कुणीही हात पुढं केला नाही. भावाला काय करावं ते सुचत नव्हतं. मला सुचत होतं, तरी मी उभी राहिले. शेवटी मित्रानं त्यांच्या हातातून पट्टी काढून घेतली, आत घातली, परत बाहेर काढली आणि माझ्यापुढं धरली.

"ऑइल बराबर हाय, बाई," ते म्हणाले. "दोन खुणांच्या मधी. तुझा बाप बोलला तसं."

जेवायला न थांबता ते निपाणीची बस धरून गेले. त्यानंतर ते आमच्याकडं आले नाहीत.

दसरा झाल्यावर भावानं आप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. मीही गेले. काचबिंदू. उजवा डोळा गेलेला, डाव्यात नळीतून बघावं तेवढं उरलेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते औषधानं टिकवायचं. वर्ष-दोन वर्षं आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "आक्का, एका घरात राहून तुला कळलं न्हाय?"

"नाही," मी म्हणाले. आप्पा आमच्या दोघांच्या मध्ये उभे होते. त्यांनी मान माझ्याकडं वळवली, आणि पुन्हा सरळ केली.

मग दिवसातून दोनदा डोळ्यांत थेंब घालायचं काम माझ्याकडं आलं. ते खुर्चीत मान मागं टाकून बसायचे, मी पापणी ओढून थेंब सोडायची. इतक्या जवळून मी त्यांचं तोंड कधी बघितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये पुन्हा ऑइल बदलायची वेळ आली. गाडी गॅरेजला देता आली असती, पण मला ते माझ्या हातानं करायचं होतं. फोनवर दोन-तीन व्हिडिओ बघितले. आप्पा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. मी गाडी फळ्यांवर चढवली, नट सोडला, जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला. सगळं नीट जमलं. गाडी खाली घेतली, पण अंगणातच ठेवली. आमचं अंगण गेटाकडं उतरतं, आणि उतारावर पट्टी खरं दाखवत नाही. डब्यातनं अंदाजानं तीनेक लिटर ओतलं आणि लगेच पट्टी बघितली. खालच्या खुणेपाशी. आणखी ओतलं, बघितलं, फारसं चढलेलं दिसेना. दहा मिनिटं थांबायचं मला पाठ होतं. पण नऊला निघून निपाणीला परीक्षेच्या ड्युटीवर पोचायचं होतं, आणि व्हरांड्यात बसलेल्या माणसासमोर मला अडून राहायचं नव्हतं. मी डबा पालथा केला. शेवटचा थेंब पडला तसा तो बाजूला टाकला. तो वाजत वाजत गेटापर्यंत गेला.

आप्पांनी मान त्या आवाजाकडं वळवली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"बरं."

यमकनमर्डीच्या अलीकडं मागची गाडी हॉर्न मारायला लागली. आरशात बघितलं तर माझ्या गाडीमागं रस्ता दिसत नव्हता, निळसर पांढरा धूर नुसता. गाडी ओढेना. कडेला घेतली तर खाली थेंब गळत होते आणि जळक्या तेलाचा वास सुटला होता. समोर एक टपरीवजा गॅरेज होतं. तिथला मेकॅनिक आला, पट्टी काढून पुसून पुन्हा घातली आणि काढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं.

"जास्ती आग्यैत्री, अक्का," तो कानडीत म्हणाला, आणि मी मराठी म्हटल्यावर मराठीत आला. "लिटरभर तरी जास्त हाय. आत घुसळून फेस झालाय. सील बी गेलं असंल. कोन भरलं हे?"

"वडिलांनी," मी म्हणाले. "त्यांना दिसत नाही."

"मग भरू का दिलं त्यास्नी?" तो चिडून म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

त्यानं लिटरभर ऑइल काढून टाकलं. ड्युटीला मी दीड तास उशिरा पोचले. सील आठवडाभरानं बेळगावात बदललं. त्या दिवशी संध्याकाळी घरी आले तेव्हा आप्पा तिथंच बसले होते. गाडी आत येताना त्यांनी नाक वर करून वास घेतला.

"किती वतलंस?"

"चार."

"तीन लागतंय तिला."

मी बॅग खाली ठेवली. "तुम्हाला सकाळीच कळलं होतं?"

"डबा रिकामा वाजला की. लिटरभर मागं राहायला पायजे हुतं."

"मग बोलला का नाही? सत्तर किलोमीटर जायचं होतं मला. हायवेवर काही झालं असतं तर?"

त्यांनी लुंगी गुडघ्यावर सारखी केली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मला कुठं दिसतंय?"

मी आत गेले. रात्री त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. एक थेंब गालावर पडला. त्यांनी तो पुसला नाही, मीही पुसला नाही.

आता डावा डोळाही जवळजवळ गेलाय. ऑइल मीच बदलते आणि चुकत नाही. लिटरच्या बाटल्यांनी मोजून तीन घालते, गाडी रस्त्यावर सपाट जागी लावते, दहा मिनिटं थांबते. आप्पांना खुर्ची लागते तिथं मी घालून देते, फाटकाजवळ. मागच्या वेळी मी पट्टी काढून बघत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "किती हाय?"

"बरोबर आहे."

त्यांनी हात पुढं केला. पट्टी हातात घेऊन, बोट फिरवून त्यांना स्वतः बघायचं होतं. मला ते कळलं. पट्टी माझ्या हातातच होती.

"घातली परत," मी म्हणाले, आणि आवाज होऊ न देता ती नळीत सरकवली.

हात थोडा वेळ तसाच पुढं राहिला. मग त्यांनी तो लुंगीला पुसला, काही लागलेलं नसताना, आणि मांडीवर ठेवला. मी बॉनेट लावलं आणि हात धुवायला आत गेले.