चिंचेनं धुतलेलं जपान

नाण्यांचा नाद लागला की नाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. नाणी निदान अल्बममध्ये नीट बसतात. किस्से मात्र गाडीच्या कप्प्यातल्या फिल्सच्या चिल्लरीसारखे कुठूनही खुळखुळतात!

इथं आखातात आमचा नाणी जमवणाऱ्यांचा कंपू छोटा. मी जुफैरमध्ये एका ऑफिसात अकाउंट्स बघते. कांबळे मूळचे नागपूरचे, अस्करच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात शिफ्ट सांभाळतात. आणि आमचे प्रमुख साठे सर, बँकेतले, रिफाच्या व्हिलात राहणारे. शुक्रवारी सकाळी सगळे त्यांच्याकडे जमतो. सरांकडे चांदीचे जुने रुपये आहेत. पांढरे सुती हातमोजे घातल्याशिवाय ते त्यांना हात लावत नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला तर लावूच देत नाहीत.

मी आणि कांबळे जमवतो जपानी नाणी. सरांच्या मते, "ती नाणी नव्हेत, ती चिल्लर!"

दरवर्षी हॉल घेऊन आम्ही प्रदर्शन भरवतो. दरवर्षी मी जपानी टेबल मागते आणि सर नाही म्हणतात. यंदा कसेबसे तयार झाले, पण अटीवर. "एक तरी खरोखर जुनं नाणं दाखवा. आणि लोक फिरकले नाहीत, तर जपान खलास. पुन्हा विषय काढायचा नाही." मला ते टेबल हवंच होतं. इतकी वर्षं चिल्लर म्हणून ऐकून घेतलं होतं!

*

पहिला झेंडा कांबळ्यांनी रोवला. एक येनचं नाणं निव्वळ अ‍ॅल्युमिनियमचं असतं. कांबळ्यांना त्याचा केवढा अभिमान! "आमच्याच घरचं लेकरू आहे ताई, जपानला दत्तक दिलंय."

एका शुक्रवारी त्यांनी सरांच्या डायनिंग टेबलावर पाण्याचा वाडगा ठेवला आणि एक येन बोटांनी अलगद आडवा सोडला. नाणं तरंगलं! मग म्हणाले, "सर, आता तुमची चांदी सोडा."

सरांनी रुपयांची डबी छातीशी धरली. "चांदी पोहत नसते, कांबळे. तिच्याकडे नोकर असतात!"

*

सरांचीही बाजू सांगायला हवी, माणूस हजरजबाबी आहे. जपानी नाण्यांवर साल असतं ते सम्राटाच्या कारकिर्दीचं. एका नाण्यावर मी 'साल दुसरं' वाचून दाखवलं, तर सरांनी चष्मा वर केला. कांबळे म्हणाले, "नवा सम्राट आला की तिकडं सालाची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, सर."

"त्यात काय? आमच्या बँकेत नवा मॅनेजर आला की तेच होतं!"

*

पाच येन पितळी असतो. मधे भोक, वर भाताची लोंबी, आणि किंमत फक्त जपानी लिपीत, आकडा नाहीच. माझा एक ठेवणीतला पाच येन बशीत ठेवला होता. ऐन ऑगस्टात एसी बंद पडला. मी ऑफिसात, घरी आमचे हे आणि मेकॅनिक. संध्याकाळी आले तर घर गारेगार, बशी रिकामी!

"मेकॅनिक म्हणाला, वॉशर मफी, नाहीच," हे म्हणाले, "पण त्याला बशीत एक सापडला. अगदी फिट बसला!"

"काढा तो आत्ताच्या आत्ता!"

ह्यांनी शांतपणे रिमोट माझ्या हातात दिला. "बंद कर. मग काढू."

बाहेरचं ऊन बघून मी रिमोट खाली ठेवला. तो पाच येन हिवाळ्यात सुटला.

*

आता टेबलाची अट. माझ्या ऑफिसातली फातिमा टोकियोला गेली होती. तिनं तिथल्या जुन्या बाजारातून माझ्यासाठी एक नाणं आणलं. सामुराईंच्या काळातलं, मधे चौकोनी भोक, दोरीत ओवून कमरेला बांधायचं. वर तपकिरी-हिरवा थर चढलेला. तो थर हीच त्याच्या वयाची खूण, संग्राहक त्याला जिवापाड जपतात. मी आनंदानं नाचायचीच बाकी होते!

तेव्हा साताऱ्याहून आई व्हिजिट व्हिसावर आली होती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी घरी आले, तर ओट्यावर समई, ताम्हण, निरांजन आणि त्यांच्या शेजारी माझं नाणं. सगळं एकसारखं लखलखत होतं.

"चिंच लावली," आई म्हणाली. "किती हिरवं पडलं होतं गं! लक्ष्मी अशी मळकी ठेवतात होय?"

मला रडूच आलं. कांबळ्यांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला. "ताई, हे तर काल पाडल्यावानी दिसते! पण टेबल लावू. हरायचं तर हॉलमध्ये हरू."

*

प्रदर्शनात सरांनी नाणं पाहिलं आणि डोळेच मिटले. "धुतलं? खलास!" दुपारपर्यंत गर्दी सगळी चांदीपाशी. आमच्याकडे वाडग्यात एक येन एकटाच तरंगत होता.

तेवढ्यात एक जपानी बाई आल्या, मैत्रिणींचा घोळका घेऊन. त्या चकचकीत नाण्यापाशी थबकल्या. "हे कुणी धुतलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी मान खाली घालून आईला मराठीत सांगितलं. आई मात्र टेबलामागच्या खुर्चीतून ताठ उठली. "मी!"

बाई हरखल्या. त्यांनी फोनवर फोटो दाखवला. गुहेतलं देऊळ, बांबूच्या टोपलीत नाणी, आणि त्यांच्यावर ओगराळ्यानं झऱ्याचं पाणी घालणाऱ्या त्या स्वतः. म्हणाल्या, आमच्याकडे देवीच्या दारी पैसे असेच धुतात, म्हणजे भरभराट होते. पुढच्या फोटोत देवी होती. हातात वीणेसारखं वाद्य.

आईनं फोन डोळ्यांजवळ नेला. "अगं, ही तर आपली सरस्वती!"

मी इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "हो, तीच! तुमच्याकडूनच आली आमच्याकडे." आणि त्यांनी आईला कमरेत वाकून नमस्कार केला. मग काय! सगळा हॉल आमच्या टेबलाभोवती. कांबळे लोकांच्या हातून येन तरंगवून घेताहेत, आई चिंच किती भिजवायची ते सांगतेय, मी जपानचा इतिहास ओरडून ओरडून सांगतेय. घसा बसला, पण काय सुख होतं ते!

संध्याकाळी सर आले. "पुढच्या वर्षी जपानला दोन टेबलं," एवढंच म्हणाले. पण जाईनात. इकडेतिकडे पाहून त्यांनी हातमोजे घातलेल्या हातांनी खिशातून चांदीच्या रुपयांची डबी काढली आणि आईकडे वाकले.

"काकू, चिंच नवी लागते की जुनी?"

"चांदीला चिंच नाही, रांगोळी लागते," आई म्हणाली. "आणा इकडं. आणि ते हातमोजे काढा आधी!"

सरांनी काढले.