चांदणी कासवांचा माग

"अर्धी कासवं अजून कुठंतरी खोक्यात आहेत, मॅडम. पाण्याविना किती टिकतील सांगता येत नाही," वनखात्याच्या काळेबाई म्हणाल्या.

त्यांनी सकाळी एसटी स्टँडवर माळशिरसच्या भीमाला पकडलं होतं. बॅगेत मोज्यांत कोंबलेली चांदणी कासवं. अर्धी आधीच्या खेपेत पोचवली, असं त्यानं कबूल केलं होतं. ती पाळायला, विकायला कायद्यानं बंदी आहे. मी सायबर सेलमध्ये सबइन्स्पेक्टर, म्हणून भीमा आणि त्याचा मोबाईल माझ्या टेबलापाशी आले.

"कासवं आणायचे पैसे कुणी दिले?" मी भीमाला विचारलं.

"निम्मे एका तोंड बांधलेल्या मानसानं रोख दिले, मॅडम. निम्मे मालकानं मोबाईलमधी टाकले. मालकाला म्या कधी बघितला न्हाय. अन् ते पैसं काढायचं कसं, तेच ठावं न्हाय की."

मोबाईलमध्ये क्रिप्टो होतं, म्हणजे इंटरनेटवरचं आभासी चलन. आमच्या साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "क्रिप्टो म्हणजे केस संपली. कॅशच्या मागं लागा."

"सर, नोटेवर कुणाचं नाव नसतं. क्रिप्टोचा प्रत्येक व्यवहार मात्र उघड्यावर नोंदला जातो. पुसता येत नाही."

"नाव दिसतं?"

"नाही. वॉलेटचा नंबर दिसतो." वॉलेट म्हणजे क्रिप्टोचं पाकीट.

"बघा मग."

दुपारची वेळ. बाहेर ऊन पांढरं झालेलं. स्क्रीनवर मी उलटी चालत होते, या पाकिटातून मागच्या पाकिटात, तिथून त्याच्या मागच्या. डोळ्यांवर झापड आल्यासारखं झालं. वाटायला लागलं, आपण माळावरच्या गवतातून एखाद्या कासवाच्या मागं निघालोय. त्याला घाई नाही, मलाही नाही. वाट एका एक्स्चेंजपाशी थांबली. एक्स्चेंज म्हणजे रुपये घेऊन क्रिप्टो देणारी कंपनी. तिथं खातं उघडायला पॅन, आधार लागतं. मी तातडीची मेल टाकली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. नाव अनिकेत, राहणार शुक्रवार पेठ.

अनिकेतनं दार उघडलं, युनिफॉर्म बघितला आणि न विचारताच जिन्याकडं बोट केलं. गच्चीवर चादरींची खोकी होती. काळेबाईंनी झाकण काढलं. काळ्या पाठींवर पिवळ्या चांदण्या. काहीच हलत नव्हतं. बाईंनी ओंजळीनं पाणी शिंपडलं. बराच वेळ गेला. मग एकानं मान बाहेर काढली, पाठोपाठ दुसऱ्यानं. भर उन्हात आभाळ खाली उतरून चालायला लागलं.

"क्रिप्टोत कुणी सापडत नाही म्हणतात," अनिकेत पुटपुटला.

"कोण म्हणतं?"

"यूट्यूबवर."

पुढं कोर्टाच्या परवानगीनं कासवं माळावर सोडली. ती दिसेनाशी झाली, तरी गवत हलत होतं. आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो.

अनिकेतवर खटला चालू आहे. रोख देणारा अजून सापडलेला नाही. त्याच्या नोटांवर इतक्या हातांचे ठसे, की त्याचा कुठला ते कळेना. क्रिप्टोचा मागही दर वेळी इतका सरळ लागत नाही. परदेशी एक्स्चेंज कधी कधी उत्तरच देत नाहीत. तरी आमच्या ऑफिसात एक फरक पडला. क्रिप्टोची केस आली की साहेब खुर्ची पुढं ओढतात. कॅशची आली की आधी चहा मागवतात.