हवाईच्या किनाऱ्यावर चपला

पर्यटनाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मी आदल्या वर्षी नापास झाले होते. मला आग्रा आलं होतं. ताजमहालाच्या दारापर्यंत सगळ्यांना नेऊन मी गप्प झाले, ती शेवटपर्यंत. बाबा म्हणाले होते, "एक डाव झालं. आता अजून गेली तं कॉलेज बंद. मंग वावरातच ये." ते रागानं म्हणाले नव्हते. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता आणि वेचायला माणसंही मिळत नव्हती. घरातलं एक माणूस रोज यवतमाळला कॉलेजात का जातं, हे त्यांना दर महिन्याला स्वतःला नव्यानं समजावावं लागत असावं.

परीक्षेची पद्धत अशी होती. चिठ्ठी उचलायची, आठवडाभर तयारी करायची आणि वर्गातल्या बाकांची बस करून सगळ्यांना ती जागा फिरवून आणायची. बाहेरून आलेले परीक्षक हे मुख्य पर्यटक. यंदा मला हवाईच्या मोठ्या बेटाचा पश्चिम किनारा आला. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यावर एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं. मी झेरॉक्स काढली. तिच्यात समुद्र, लाव्हा आणि रिसॉर्ट तिन्ही सारखेच काळे आले.

घाटंजीच्या एसटीत मी ते पाठ करत असे. घरी बाबांनी आधी कापसाचं विचारलं, "तिथं पराटी होते का?"

"नाही. कॉफी होते."

"अन् पाणी?"

"एका बाजूले लय पडते. दुसऱ्या बाजूले नाही."

"तुही बाजू कोणती?"

"नाही पडत ती."

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना तेच अपेक्षित होतं.

परीक्षक नागपूरचे होते. माझा नंबर येईपर्यंत ते दोनदा गोव्याला आणि एकदा काश्मीरला जाऊन आले होते आणि थकलेले दिसत होते. मी बस सुरू केली. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला थंड झालेला लाव्हा. मग रिसॉर्ट आलं. काळ्या दगडावर माती आणून टाकून तिथं हिरवळ केली आहे, असं मी सांगितलं.

परीक्षक म्हणाले, "इथं पोहायचा तलाव आहे, खुर्ची आहे, सरबत आहे. मी दगड बघायला बसमध्ये परत का बसू?"

हे मासिकात नव्हतं. मागच्या बाकावरून मैत्रीण हळूच म्हणाली, "बोल वो बाई. आग्रा नको करू."

मी म्हणाले, "नका येऊ सर. तुम्ही बसा इथंच. आम्ही जाऊन येतो आणि येताना तुम्हाला घेतो."

वर्ग हसला. मी विनोद केला नव्हता. सर बसमध्ये येऊन बसले.

पुढचा थांबा जुन्या अभयस्थानाचा. राजाचा नियम मोडणाऱ्याला तिथं मारून टाकत. पण तो पळत, पोहत या भिंतीच्या आत पोचला, तर पुजारी त्याला शुद्ध करून घरी जाऊ देत. भिंत नुसत्या दगडांची, चुना न लावता रचलेली. एवढं सांगून मी म्हणाले, "चला, चपला इथं काढा."

हेही मासिकात नव्हतं. सगळे निमूटपणे वाकले आणि वर्गाच्या दाराशी चपलांची रांग लागली. परीक्षकांचे बूट नाडीचे होते. त्यांनी एक बूट काढला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"सर, राहू द्या. दुपार आहे. काळा दगड तापला असेल. पाय पोळतील."

"मग काढायला कशाला सांगितलं?"

"देवस्थान आहे म्हणून, सर."

"आणि आता?"

"आता ऊन आहे म्हणून."

त्यांनी बूट हातात धरूनच विचारलं, "तुमच्याकडे काय करतात?"

"आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, मारुती आहे. खाली असाच दगड आहे. आम्ही चपला घालूनच जातो आणि ओट्याजवळ काढतो."

"मग ओट्यापर्यंत चल."

त्यांनी बूट घातला, नाडी बांधली, फळ्याखालच्या ओट्यापर्यंत चालत आले आणि तिथं दोन्ही बूट काढले. बाकीच्यांनीही दाराशी जाऊन चपला घातल्या, ओट्याजवळ येऊन पुन्हा काढल्या. यात बराच वेळ गेला. उरलेली माहिती मी त्यांच्या मोज्यांकडे बघत सांगितली: राजांनी माशांसाठी बांधलेले तलाव, दगडात कोरलेली माणसं. मधे एकदाही अडले नाही. मग सगळ्यांना बसमध्ये बसवून परत आणलं.

परीक्षक गुण लिहिणाऱ्या आमच्या मॅडमना म्हणाले, "पास करा. आवाज बारीक आहे, तेवढं लिहा."

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बाबा बैलांना पाणी दाखवत होते.

"बाबा, पास झाली मी."

"मंग आता जा लागते का तुले तिकडं, हवाईले?"

"नाही."

"मंग बरं झालं." त्यांनी रिकामी बादली उचलली. विहिरीकडे दोन पावलं जाऊन ते थांबले. "पुढचं वर्ष कधी सुरू होते तुमचं?"

"जूनमध्ये," मी सांगितलं.