मामाजी, कांदा आणि सिसिलीतलं ऊन

लग्नाला आठ वर्षं झाली तरी आमचे मामाजी माझ्याशी एकदाही सरळ बोलले नव्हते. मामाजी म्हणजे माझे सासरे. वऱ्हाडात सासऱ्यांना मामाजी म्हणतात, आणि मी पुण्याची असले तरी हे पहिल्याच दिवशी शिकले. मला काही सांगायचं असलं की ते अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगत. "तिले म्हनाव, चहात साखर कमी टाक." मी तिथेच, चहाचं भांडं हातात घेऊन उभी असे. अविनाश घरात नसला तर ते दाराला सांगत, ओट्यावर आलेल्या शेजारच्या शेळीला सांगत. एकदा जवळपास कोणीच नव्हतं, तेव्हा तिसरी शिट्टी झाल्याचं त्यांनी खुद्द कुकरलाच सांगितलं.

दुसरी गोष्ट त्यांचं खाकरणं. मी ज्या खोलीत असेन त्या खोलीच्या दाराशी ते आधी थांबायचे, घसा खाकरायचे, मनातल्या मनात दहा अंक मोजून झाल्यासारखे उभे राहायचे आणि मग आत यायचे. आत आल्यावरही नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. आमच्या घरातल्या कॅलेंडरकडे त्यांच्याइतकं कोणी पाहिलं नसेल.

सासूबाई हयात होत्या तोवर म्हणत, "रीत हाय त्यायची. राग धरू नको." पण मला राग नव्हता, खंत होती. आमचं लग्न मामाजींच्या मनाविरुद्ध झालेलं. या माणसाला मी नकोच होते आणि रीतीचं निमित्त करून ते मला लांब ठेवतात, असं मी धरून चालले होते. त्यांना दोन मुलगेच, लेक नव्हती. लहानपणी वडील गेल्यामुळे मला बापाची भूक होती. इतकं सरळ मी तेव्हा कोणापाशी बोलले नव्हते, आता बोलायला हरकत नाही.

मामाजींची मंगरूळपीरच्या शिवारात दोन एकर बागायत. वांगी, कांदा आणि सांबार. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. चैत्र लागला की त्यांच्या बंडीच्या डाव्या खिशात एक कांदा जायचा, तो मृग लागल्यावरच बाहेर निघायचा. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही यावर त्यांची श्रद्धा होती. सुट्टीत आम्ही शहरातून गावी गेलो की माझ्यासाठीही एक निवडून ठेवत आणि अविनाशकडून पाठवत, "पर्समधी ठेव म्हनाव." मी तो गुपचूप स्वयंपाकघरातल्या टोपलीत परत टाकायची. पर्सला वास येतो ना.

सासूबाई गेल्या आणि मामाजी गप्प गप्प झाले. वर्षभराने अविनाशने भूमध्य समुद्रातल्या जहाजाची सफर ठरवली, सात दिवसांची, आणि मामाजींना जवळजवळ उचलूनच नेलं. मी घरातून निघतानाच अविनाशला सांगितलं होतं, की परत येईपर्यंत त्यांच्या तोंडून माझ्यासाठी एक तरी सरळ वाक्य निघालं पाहिजे. मला दुसरं काही बघायचं नव्हतं.

जहाजावर मामाजी रमले ते त्यांच्या पद्धतीने. पहाटे उठून कठड्याशी उभे राहत. पहिल्या दिवशी बराच वेळ समुद्राकडे पाहून अविनाशला म्हणाले, "एवढं पानी, आन एक वाफा भिजत नाई." जेवणाच्या टेबलावर शंभर पदार्थ असले तरी त्यांना कच्चा कांदा लागे. वाढणाऱ्यांतला एक जण गोव्याचा निघाला. तो त्यांच्यासाठी रोज कांदे आणून ठेवू लागला, आणि त्यांतले दोन बंडीच्या खिशात जाऊ लागले.

चौथ्या दिवशी जहाज सिसिलीच्या एका लहान बंदराला लागलं. अविनाशचं पोट बिघडलं होतं. तो म्हणाला, तुम्ही दोघं जाऊन या, चारच्या आत परत या, मग शिडी उचलतात. त्याचं पोट खरंच किती बिघडलं होतं याबद्दल मला आजही शंका आहे. निघताना मामाजींनी त्याच्या हाती एक कांदा दिला, नेहमीच्या निरोपासह. मी तो नेहमीप्रमाणे केबिनच्या टेबलावर ठेवून दिला.

शिडीपाशी सुरक्षारक्षकाने मामाजींचा खिसा तपासला. जहाजावरचं खाणं खाली न्यायला मनाई होती. त्याने हात पुढे केला. मामाजींनी कांदा त्याच्या टेबलावर ठेवला, त्यावर एक बुक्की मारून तो फोडला, अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा त्या गणवेशातल्या माणसापुढे धरला. तो बिचारा कधी कांद्याकडे, कधी माझ्याकडे बघत राहिला. मी लाजेने पुढे निघून गेले.

गाव डोंगरावर, वर जुना किल्ला, आणि वर जायला दगडी पायऱ्या. आता आमच्या मध्ये कोणीच उरलं नव्हतं. मला वाटलं, आता तरी बोलतील. पण त्या गावात मांजरं फार. मामाजींनी एका पिवळ्या मांजराला गाठलं आणि सांगितलं, "हे ऊन लबाड हाय. समुद्राची हवा गार लागते, पन आतून भाजून काढते. सावलीनं चालाव मानसानं." मला ऐकू आलं होतं, पण आठ वर्षांचा हट्ट होता. मंगरूळपीरचा मे महिना काढलेली बाई मी, मला काय सांगता, असं मनात म्हणून भर उन्हातून पायऱ्या चढत राहिले. पाण्याची बाटली कधीच संपली होती. मामाजी मागून येत होते आणि दिव्याच्या खांबाला सांगत होते की बसा आता थोडं.

किल्ल्याच्या अलीकडे एक बंद चर्च होतं. तिथे पोचले आणि माझ्या लक्षात आलं की घाम येणं थांबलंय. डोकं ठणकत होतं, पायऱ्या डोळ्यांपुढे हलत होत्या. मी चर्चच्या पायरीवर बसले, मग आडवीच झाले. दुपारची वेळ, दुकानं बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. फोन उन्हाने तापून बंद पडलेला. दोन वाजून गेले होते आणि खाली जहाज खेळण्याएवढं दिसत होतं. मला खरोखर भीती वाटली.

मामाजींनी डोक्याचा दुपट्टा सोडला, कोपऱ्यातल्या नळाखाली भिजवला आणि माझ्या अंगावर नीट पसरला. हाताचा स्पर्श होणार नाही, अशा बेताने. मग खिसा चाचपला. खिसा रिकामा होता, आणि माझ्या वाटणीचा कांदा केबिनच्या टेबलावर. हे त्यांना कळलं असावं. समोरच्या गल्लीत एका घराच्या दारावर लाल कांद्यांची माळ टांगलेली होती. मामाजी त्या दाराशी गेले आणि, मला शपथेवर सांगता येईल, खाकरले.

काळ्या कपड्यातली एक म्हातारी बाहेर आली. मामाजींनी माळेकडे बोट दाखवलं, माझ्याकडे दाखवलं आणि स्वच्छ वऱ्हाडीत म्हणाले, "बाई, एक कांदा पायजे होता. लेकीले ऊन लागलं."

मी डोळे मिटून पडले होते. ते शब्द मात्र मी चांगले ऐकले.

म्हातारीला काय समजलं कोण जाणे. तिने अख्खी माळ काढून दिली आणि आत जाऊन मीठ-लिंबाचं पाणी घेऊन आली. मामाजींनी पायरीवर कांदा फोडला, माझ्या पायांशी बसले आणि थांबले. ते का थांबले, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागणार नाही. सासऱ्याने सुनेच्या अंगाला हात लावायचा नसतो, आणि पायांना तर नाहीच. मीसुद्धा घाबरून पाय आखडून घेतले. वडीलधाऱ्या माणसाने आपल्या पायांना हात लावावा, हे मलाही सोसवेना.

तेव्हा ते बोलले. मांजराशी नाही, खांबाशी नाही.

"पाय इकडं कर, माय. लाजू नको. तुले काई झालं तं मी घरी कोनत्या तोंडानं जाऊ?"

मी पाय पुढे केले. चर्चच्या भिंतीकडे तोंड वळवून त्यांनी तळपायांना कांद्याचा रस चोळला, बराच वेळ. त्यांचे तळहात फावड्याच्या दांड्याने घट्टे पडलेले होते. ऊन कांद्याने उतरलं की पाण्याने, यावर कोणाही डॉक्टरशी मी वाद घालणार नाही. मी रडत होते आणि कांदा नाकाशी असल्यामुळे ते कोणाला कळत नव्हतं, ही त्यातली सोय.

तासाभराने मी उठून बसले. उतरताना मामाजी माझ्या अर्धं पाऊल पुढे, उन्हाच्या बाजूने चालत होते. आधी मला कळलं नाही. मग पाहिलं की त्यांची सावली बरोबर माझ्या डोक्यावर पडत होती. चाराला दहा मिनिटं असताना आम्ही शिडीपाशी पोचलो. तोच रक्षक होता. माझ्या पायांना येणारा वास त्याला आला असणार, पण या वेळी त्याने मामाजींना वाकून नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं आणि सोडलं. म्हातारीची माळ मात्र ठेवून घेतली.

संध्याकाळी केबिनच्या दाराबाहेर खाकरण्याचा आवाज आला. अविनाशने दार उघडलं. मामाजी बाहेरच, तोंड फिरवून. "तिले म्हनाव, पायाले हात लावला त्याचा राग धरू नको. लेक समजून लावला." मी तीन हातांवर बसले होते. मी अविनाशला म्हटलं, त्यांना सांग, लेकीला निरोप पाठवायची गरज नसते. अविनाशने ते सांगितलं. मामाजी हो म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा भिंतीशी बोलू लागले. मला त्याचं काही वाटेनासं झालं. दर चैत्रात मंगरूळपीरहून येणाऱ्या माणसाबरोबर कांदे यायचे, तोच निरोप यायचा, आणि मी पर्समध्ये कांदा ठेवून ऑफिसला जायची. बाजूला बसणाऱ्या बाईने जागा बदलून घेतली.

या पौषात मामाजी गेले. बागेतच गेले, सांबाराला पाणी देताना. दिवसकार्य झाल्यावर जाऊबाईने मला त्यांच्या खोलीतून सतरंजी आणायला सांगितली. आत कोणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. खुंटीवरची बंडी दारातूनच दिसत होती. मी उंबऱ्याशी थांबले, घसा खाकरला, थोडा वेळ उभी राहिले, आणि मग आत गेले.