चहामंत्र्यांचे सहा महिने

हातात संविधान घेऊन माणसं दर रविवारी एकत्र बसतात म्हटलं, की लोकांना वाटतं तिथे फार गंभीर काहीतरी चालत असणार. आमच्याकडे किस्सेच जास्त होतात. ते इतके साठलेत, की घरी जेवताना मी एखादा सांगायला घेतला की नवरा विचारतो, "हा कुठल्या कलमाचा?"

वर्ग भरतो घाटकोपरला, आमच्या वसाहतीतल्या विहाराच्या हॉलमध्ये. चालवतात जाधव सर. मूळ अकोल्याकडचे, शाळेतून रिटायर झालेले. राज्याच्या मंत्रिमंडळाची कलमं सुरू झाली तेव्हा सर म्हणाले, नुसतं वाचून काही कळत नाही, आपणच राज्य होऊन बघू. झालं! कोणी सतरंजी मंत्री, कोणी पंखा मंत्री, आणि मुख्यमंत्री मी. उभं राहून सगळ्यांसमोर एक कलम मोठ्यानं वाचलं की तुम्ही निवडून आलात, सभासद झालात. आणि प्रश्न विचारायचा हक्क फक्त सभासदाला, हा सरांचा नियम.

*

राज्यपाल अर्थातच सर. पहिल्याच रविवारी रेखानं कलम वाचलं, की राज्यपाल कुठल्याही सभागृहाचा सदस्य असू शकत नाही. रेखा माझी मैत्रीण. अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि नियमापुढे सख्ख्या भावालाही सोडत नाही.

"म्हणजे सर, तुम्ही सभासद नाही. चर्चेत बोलायचं नाही."

सर हसून गप्प बसले. मग आम्हालाच चेव आला, मुद्दाम चुकीचं बोलायला लागलो. मी म्हटलं, "राज्यपालाला लोक मतदान करून निवडतात." सर खुर्चीत चुळबुळले. रेखा म्हणाली, "आणि एकदा निवडला की कायमचा, पेन्शनीपर्यंत." सर ताडकन उठले.

"हा घ्या माझा राजीनामा. आता ऐका बाप्पा!"

पुढचा तासभर राज्याला राज्यपाल नव्हता आणि आम्हाला पाणी प्यायलाही उठू दिलं नाही.

*

त्याच कलमात पुढे आहे, की एखाद्या आमदाराला राज्यपाल नेमलं, तर त्यानं पद घेतल्या दिवशी त्याची आमदारकीची जागा रिकामी झाली असं मानायचं. मला हे भारी वाटलं. राजीनामा नको, काही नको, आपोआप!

"ह्यात नवल काय?" रेखा म्हणाली. "माझ्या लग्नात हेच झालं. मी मुलुंडला सासरी पाऊल ठेवलं आणि माहेरी माझं कपाट रिकामं करून वहिनीला दिलं. मला कुणी विचारलं नाही. मानलं गेलं."

हॉलमधल्या सगळ्या बायका एकदम हसल्या. सर मात्र विचारात पडले. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं.

*

आमचा पंखा मंत्री नितीन. कांदिवलीहून यायचा. तिकडे एसी हॉलमध्ये असाच एक वर्ग सुरू झाला आणि हा पठ्ठ्या न सांगता तिकडे गेला. महिनाभरात परत आला, कारण तिकडे म्हणे कोणी भांडतच नाही.

"पंखा खातं माझंच ना?" त्यानं विचारलं.

रेखा तयारच होती. पक्ष सोडून अपात्र ठरलेला आमदार पुन्हा निवडून येईपर्यंत, नाहीतर त्याची मुदत संपेपर्यंत मंत्री होऊ शकत नाही. नितीन तिथल्या तिथे कलम वाचायला उभा राहिला. पण सरांनी त्याला आधी तीन रविवार पंख्याखालून उठवून भिंतीकडे बसवला.

*

आता परबकाका. हे समोरच्या चाळीत राहतात, मूळ मालवणचे, लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. एकदा आमचा चहा करणारा आला नाही, तर काकांनी घरून चहा करून आणला. तो इतका झकास होता, की मी जागच्या जागी त्यांना चहामंत्री केलं. सभासद नसलेल्या माणसालाही मंत्री करता येतं, पण सहा महिन्यांत तो निवडून आला नाही, तर मंत्रिपद जातं. सहा महिने म्हणजे भरपूर, असं मला वाटलं.

काका बोलताना अडखळतात, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शब्द ओठाशी येतो आणि अडून बसतो. चहा देऊन झाला की ते दाराशी बसून सगळं ऐकायचे. वाचायचं म्हटलं की कपबश्या उचलायला लागायचे. एकदा घरी जाताना मला हळूच म्हणाले, "हय कोण माका घाई करना नाय." नुसतं येऊन बसा म्हटलं, तर म्हणाले, कामाशिवाय बसणं बरं दिसत नाही. म्हणजे चहा गेला की काकाही जाणार. मला फार वाईट वाटलं.

मी पळवाट काढली. एक दिवस राजीनामा घ्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा नेमायचं. सर म्हणाले, "अगं, ही युक्ती खऱ्या राजकारणात होऊन गेली. सर्वोच्च न्यायालयानं ती बंदही केली." माझी वाट लागली.

शेवटच्या रविवारी काकांनी चहा दिला, हात पुसले आणि उभे राहिले. कलम त्यांनीच निवडलं होतं, सहा महिन्यांचंच. तिसऱ्याच शब्दावर अडले. एरवी वाचणारा अडला की आमच्यातले चारजण शब्द सुचवतात. नितीननं तोंड उघडलं, रेखानं त्याचा गुडघा दाबला. कोणी हललं नाही. चहावर साय धरली. किती वेळ गेला कोण जाणे, पण काकांनी शेवटचा शब्द वाचला तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

"परब, मंत्रिपद कायम," सर म्हणाले.

रेखाचा हात वर.

"सर, गेल्या रविवारी हॉलमध्ये बारसं होतं म्हणून आपण वर्ग पुढे ढकलला. मुदत पुढे जात नाही. काकांचं मंत्रिपद गेल्या आठवड्यातच गेलं."

मला तिचा असा राग आला!

"मग आजचा चहा?" नितीननं विचारलं.

"घटनाबाह्य."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पण आता ते सभासद आहेत. मुख्यमंत्र्यांनी नव्यानं नेमावं. हरकत?"

"काहीच नाही," रेखा म्हणाली.

मी घाईघाईनं उठले. "काका, चहा खातं परत तुमच्याकडे."

काका अजून उभेच होते. त्यांनी मान हलवली.

"नको. च्‍... च्या आता दुसऱ्या कोणीतरी करा. माका एक प्‍... प्रश्न विचारूचो आसा."