दवाखान्याची गाडी

कंडक्टर बाईला डेपोत सगळे भोंगा म्हणत. तोंडावरच म्हणत आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. खच्चून भरलेल्या गाडीत तिने मागून "पुढे सरका" म्हटलं, की ड्रायव्हरच्या पाठीशी चिकटलेली माणसंसुद्धा आपोआप पाऊलभर हलत. घरी सासू म्हणायची, "हिच्या पोटात काही राहत नाही. सकाळी ऐकलेलं दुपारी गावभर."

ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी एकदा जमली की साहेबसुद्धा ती मोडायला धजत नसत. लग्नासारखंच होतं ते, फक्त भांडण चालत्या गाडीत करायचं आणि खाली उतरल्यावर विसरायचं. बाई ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षं फिरली तो ड्रायव्हर मितभाषी होता. ती त्याला दादा म्हणे, तो तिला बाई. तो मागे वळून पाहत नसे. तिने घंटीचे दोन टोले दिले की गाडी निघे, एक दिला की थांबे. दार बंद झालं का, म्हातारी नीट बसली का, पोराचा हात आत आहे का, हे बघणं तिचं काम. ती दोन टोले देते म्हणजे सगळं ठीक आहे, असा त्याचा हिशेब.

मग साथ आली. गाड्या डेपोत ओळीने उभ्या राहिल्या. तिकिटाला कोणी हात लावेना, म्हणून तिकीटच बंद झालं आणि कंडक्टरांच्या पाठीवर फवारणीचे पंप आले. धावत होत्या त्या फक्त दवाखान्याच्या गाड्या. नर्सा, वॉर्डातल्या मावश्या आणि सफाईवाले यांना वस्त्यांमधून उचलायचं आणि दवाखान्याच्या दारात सोडायचं. ड्रायव्हर एकटा, पाठीमागे चिकटपट्टीने लावलेला प्लास्टिकचा पडदा. दादाला अशीच एक गाडी मिळाली. बाईला मिळाली बादली, फडकं आणि डोळ्यांत झोंबणारं औषध. तिच्या बोटांची सालं निघाली.

पहिल्याच आठवड्यात डेपोपाशी गाडीतून उतरताना एक धाकटी नर्स तिला हसत म्हणाली, "मावशी, तुमचे दादा थांब्यावर थांबतात आणि बसूनच राहतात की हो! आम्ही सगळ्या चढलो तरी गाडी हलेना. शेवटी मीच उठून दोनदा घंटी वाजवली, तेव्हा निघाले."

"मग रोज तूच वाजवत जा," बाई म्हणाली. "पण नीट बघून वाजव हं. त्याला मागचं काही दिसत नाही."

"म्हणजे बिनपगारी कंडक्टर झाले की मी."

"पगार मिळाला तर अर्धा मला दे."

तेवढंच हसणं. बाकी दिवस सारखेच. बाई घरी पोहोचली की मागच्या बाजूने शिरायची, कपडे बादलीत बुडवायची, डोक्यावरून आंघोळ करायची. सासू आतल्या खोलीच्या उंबऱ्यातून सांगायची, "तिथेच थांब. ताट सरकवते." नवऱ्याचं दुकान बंद होतं. तो दिवसभर बातम्या बघायचा आणि रात्रीच्या जेवणाला त्या वाढायचा.

एके दिवशी दादाची गाडी धुवायला आली. दादा नेहमी पायरीवरून उडी मारल्यासारखा उतरायचा. त्या दिवशी तो दांडी धरून, एकेक पाय जपून टाकत उतरला. बाईने सीटवर हात फिरवला. सीट ओली होती. खाली तापाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट पडलं होतं. गेटवर पहारेकरी कपाळाला यंत्र लावून ताप बघायचा. गोळी घेऊन आलं की यंत्र काही बोलत नाही, हे साऱ्या डेपोला ठाऊक होतं.

"दादा, ताप आहे तुम्हाला."

"उकाडा आहे बाई. त्या प्लास्टिकच्या आत माणूस शिजतो."

"मला शिकवू नका. तुमची पाठ बघण्यात सगळी नोकरी सरली माझी."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला. तुमचं हळू म्हणजे गेटपर्यंत जातं." मग खांबाला टेकून म्हणाला, "पोर आज-उद्यावर आली आहे. आमच्या दाराला साथीची पट्टी लागली की तिला कुठला दवाखाना घेणार? मी ओट्यावर झोपतो, घरात भांड्यालाही हात लावत नाही. तिची सुटका होऊ दे, मग मीच साहेबांकडे जातो. तुमच्या गळ्याची शपथ."

"माझा गळा कशाला? स्वतःचा घ्या की."

तो हसला. हसण्याचा खोकला झाला आणि तो खोकला थांबेना. शेवटी हातानेच "काही नाही, काही नाही" अशी खूण करून तो निघून गेला.

संध्याकाळी बाईने नवऱ्याला सांगितलं. तिच्या पोटात राहणारच नव्हतं. नवरा टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "तू गप्प बस. उद्या त्याला नेलं की विचारतील, गाडी कोणी धुतली? पट्टी आपल्याही दाराला लागेल. आईचं वय बघ. आणि दवाखान्यातल्याच बायका त्या, त्यांना काय नवीन आहे?"

बाईला ते पटलं नाही. पण सोयीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती गप्प राहिली. गेटवर दादाच्या कपाळाला यंत्र लागलं, पहारेकऱ्याने मान हलवली, गाडी बाहेर पडली. बाई दुसऱ्या गाड्या पुसत होती, कान मात्र गेटकडे.

गाडी उशिरा परत आली. डावा आरसा फुटला होता. गेटच्या खांबाला घासून आली होती ती. दादाच्या हातून गाडीला इतक्या वर्षांत ओरखडा उठला नव्हता. पाळी संपवून आलेली एक मावशी उतरता उतरता बाईला म्हणाली, "तुमच्या ड्रायव्हरचं काय बिनसलंय? सकाळी आमचा थांबा सोडून पुढे गेला. ओरडून थांबवला. ती धाकटी नर्स तर पडदा सारून त्याला पाणी द्यायला गेली होती."

बाईने फडकं बादलीत टाकलं आणि ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"नक्की?" साहेबांनी विचारलं. "अंगाला हात लावून बघितलंत?"

"हात कशाला लावायला हवा? मी त्यांना ओळखते."

पांढरे कपडे घातलेली माणसं आली. दादा स्वतःच उठून त्यांच्या गाडीकडे चालत गेला. बाईजवळून जाताना थांबला. "पोरीचं झालं नाही हो अजून," एवढंच म्हणाला.

तो परत आला नाही. पोरीला साथीच्याच दवाखान्यात वेगळ्या खोलीत नेलं, तिथे तिला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली तेव्हा आजोबांचं सगळं उरकलं होतं. कोणाला तोंडही बघू दिलं नव्हतं. बाईच्या दाराला पट्टी लागलीच. सासूला साधी सर्दीही झाली नाही. दवाखान्याच्या गाडीतल्या काही जणी आजारी पडल्या, बऱ्या झाल्या. धाकटी नर्स गेली. तिला ते गाडीतून लागलं की वॉर्डातून, कोण सांगणार?

डेपोने मात्र निकाल देऊन टाकला. भोंग्याने आपला ड्रायव्हर खाल्ला. साथ ओसरली, तिकिटं पुन्हा सुरू झाली, जोड्या लागल्या. तिच्याबरोबर कोणी ड्यूटी घेईना. "साहेब, दुसरी कोणीही द्या. या बाईसमोर शिंकायचीही चोरी." साहेबांनी चार ड्रायव्हरांना विचारून पाहिलं आणि तिला धुण्यावरच ठेवलं. बाई भांडली नाही. ती भांडत नाही म्हटल्यावर लोकांची खात्रीच पटली.

आणि मग एका सकाळी साहेब दादाच्या बायकोला घेऊन धुण्याच्या जागेवर आले. नवऱ्याच्या जागी तिला नोकरी लागली होती. शिक्षण बेताचं, म्हणून सफाईत. "यांना काम दाखवा," म्हणून साहेब घाईने निघून गेले.

पूर्वी बाई तिच्याकडे हक्काने जेवायला जायची. आता "वहिनी" म्हणून तिने नुसतं फडकं पुढे केलं. वहिनीने पदर खोचला आणि म्हणाली, "काय करायचं ते दाखव. बाकी काही बोलू नकोस."

बरेच दिवस त्या तशाच राबल्या. एक पुढून, एक मागून. गाडीच्या मध्यावर आल्या की बादल्या उचलून खाली. एकदा तशाच मध्यावर आलेल्या असताना वहिनीने विचारलं, "त्यांच्या गाडीतल्या बायका. त्यातली कोणी गेली का?"

बाईला खोटं बोलता आलं असतं. "एक," ती म्हणाली. "सगळ्यात लहान होती."

वहिनी फडकं पिळत राहिली. पाणी निथळून संपलं तरी पिळत राहिली.

"त्यांना नेलं त्याच्या आदल्या दिवशीच तुला कळलं होतं ना? घरी येऊन म्हणाले होते, बाईंनी ओळखलं."

"हो."

"मग त्याच दिवशी का नाही बोललीस?"

का बोललीस, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, ते बाईने किती महिने घोकून ठेवलं होतं. हे कोणी विचारेल असं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"वहिनी, तुम्हालाही माहीत होतं."

"होतंच. गोळ्या मीच देत होते. माझी पोर घरात अवघडून बसली होती, मी कुठल्या तोंडाने सांगणार? पण तू सांगशील, असं वाटलं होतं मला. तू कधी गप्प बसली आहेस? दुसऱ्या दिवशी सकाळपासून दाराकडे बघत होते, आता कोणी येईल आणि सांगेल, त्यांना नेलं म्हणून. तो दिवस हातात होता गं. त्यांच्याही आणि गाडीतल्या त्या लहान पोरीच्याही." तिने श्वास घेतला. "तुझं काय अडलं होतं?"

दाराची पट्टी, सासूचं वय, नवऱ्याचं बोलणं, सगळं बाईच्या ओठांपर्यंत आलं. यातलं काय वहिनीपुढे ठेवायचं?

बाहेर धुण्यासाठी पुढची गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरून किल्ली फिरवत निघून गेला. वहिनीने आपली बादली उचलली.

"पुढची बाजू मी घेते," ती म्हणाली. "तू मागून ये."

बाईने नळ सोडला, बादली भरली, औषध मोजून ओतलं आणि ती मागच्या दाराने वर चढली.