कुंपणातलं पाणी

बंगळूरची माणसं शनिवार उजाडला की गावाबाहेर पळतात. ज्या शहरात घर मिळावं म्हणून जीव टाकला, त्याच शहरात दोन दिवस धड बसवत नाही. डोंगरावर जायचं, धुक्यात उभं राहून फोटो काढायचा, परत येताना चार तास टोलनाक्यावर हॉर्न वाजवायचा, आणि सोमवारी सांगायचं, काय शांतता होती म्हणून! मला ह्या लोकांची कीव येत नाही, किळस येते.

तरी गेलं वर्षभर आम्ही दोघं नवरा-बायकोही रविवारी बाहेर पडत होतो. पण आम्ही शांतता शोधत नव्हतो. पाणी शोधत होतो. पोहण्याजोगं.

मी चौथीपर्यंत शिकलो. अथणीच्या पूर्वेला कोरडा मुलुख आहे, तिथून तरणा असताना इथं पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात फाउंड्रीत आलो, भट्टीपुढं हाडं वाळवली, आणि आजही त्याच बाजूला दोन खोल्यांत राहतो. मुलगा इथंच जन्मला, तो स्वतःला इथलाच म्हणवतो. मला हा अजून परमुलुखच वाटतो. बायको मात्र कृष्णेकाठची. पलीकडच्या मळ्यात तिची मावशी राहायची. ही पोरगी कोरडं लुगडं डोक्यावर बांधायची आणि नदी पोहून मावशीकडं जेवायला जायची. भोपळा नाही, डबा नाही, नुसते हात. मला पोहता येत नाही. आमच्याकडं विहिरीचा तळ खरवडून घागर भरायची, पोहायचं कशात?

गेल्या वर्षी तिचे गुडघे गेले. डॉक्टरनं एक्सरे उजेडात धरला आणि सांगितलं, आता हळूहळू काठी येणार. रिक्षात बसल्यावर तिनं दोन्ही गुडघे चोळले. मग म्हणाली, "जमिनीवरचं गुडघं संपलं माझं. पाण्यात अजून हाईत का, त्ये एकदा बघायचंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पवायचंय. काठी हातात यायच्या आत."

गावी जायचं तर तिथं आता मगरी आहेत. तिचा भाऊ काठावर पाय ठेवू देत नाही. म्हटलं, एवढं मोठं शहर आहे, एवढी तळी आहेत, एक डुबकी मिळणार नाही का?

पहिल्यांदा मुलाच्याच घराजवळ गेलो, बेळ्ळंदूरला. तो कॉम्प्युटरवाला. बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, तळ्याकडं तोंड करून. त्या तोंडाचे जास्त पैसे दिलेत, आणि खिडक्या बारा महिने बंद. उघडल्या की वास येतो. सुनेनं काचेतून बोट दाखवलं, "आई, लेक व्ह्यू." बायकोनं पाहिलं. कडेला पांढरा फेस, वर हिरवी शेवाळाची गोधडी. ती म्हणाली, "बाई गं, ह्यात म्हस बी बसायची न्हाई." पोरं हसली. मला हसू आलं नाही. तळं मारून त्याचा देखावा विकणारे हुशार, की विकत घेणारे, एवढंच मी लेकाला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, प्लीज, संडे आहे." जणू रविवारी खरं बोलायला बंदी आहे.

मग हेसरघट्ट्याला गेलो, दोन बस बदलून. तिथं पाणी पार लांब आत सरकलेलं, मधे नुसतं गवत. गवतात एक नवरी दहा हात लांब झगा पसरून उभी. लग्न व्हायच्या आधीच फोटो काढून घेत होती. नवरा कोट घालून पळत यायचा, फोटोवाला ओरडला की मागं जायचा आणि परत पळत यायचा. बायको दगडावर बसून बघत राहिली. मी म्हटलं, "आताच एवढा पळतोय, लग्नानंतर कुठं जाईल?" ती म्हणाली, "तुमी तर पयल्यापासनं जागचं हललाच न्हाईसा." आणि डब्यातलं धपाटं माझ्या हातावर ठेवलं.

शहरातली तळी तर विचारूच नका. सगळ्यांना लोखंडी कुंपण. आत फरशी, फरशीवर भराभरा चालणारी माणसं, कानात वायर, पाण्याकडं पाठ. वर पाटी, ह्या वेळेत या, त्या वेळेत या. एका तळ्याला ती जाळीतून नुसती बोटं घालून उभी राहिली, तर वॉचमन धावत आला. "अज्जी, बेडा, बेडा." नको म्हणे. काय नको? बघायचं नको? मी त्याच्याशी कन्नडमध्ये भांडलो, चांगलं दणकून. तिनंच मला ओढून नेलं.

संगमाला गेलो, कनकपुऱ्याच्या पुढं, जिथं कावेरीला दुसरी नदी मिळते. हे खरं पाणी होतं. वाहतं, तपकिरी, बोलणारं. तिचा चेहराच बदलला. लुगडं वर खोचून ती घोट्याएवढ्या पाण्यात गेली, अजून एक पाऊल टाकलं, आणि शिट्टी वाजली. इथं भोवरे आहेत, माणसं बुडालीत, पाटी वाचता येत नाही का? ती शिट्टीवाल्याला म्हणाली, "अण्णा, स्वल्प. थोडंसंच." तो हात जोडायला लागला, नोकरी जाईल म्हणून. त्याचं मी काही म्हणत नाही. पण त्याच्या पाठीमागं दारू पिऊन बाटल्या दगडावर फोडणाऱ्यांना कुणी शिट्टी वाजवत नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिनं तोंड खिडकीकडं ठेवलं. उतरताना मला तिला धरावं लागलं. काठी जवळ आली होती, दोघांनाही दिसत होती.

तेवढ्यात लेकानं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला म्हणून रिसॉर्ट ठरवलं. एक रात्र. मी साफ नाही म्हटलं. स्वतःचं छप्पर असताना पैसे देऊन दुसऱ्याच्या छपराखाली झोपायचं, हे ज्यांना घरी करमत नाही त्यांचं काम. बायकोनं लेकाला एकच विचारलं, "तिथं पाणी हाय का?"

"स्विमिंग पूल आहे आई."

"मग मी येनार. ह्यास्नी र्‍हाऊ दे घरी."

सगळ्या संसारात ती माझ्याशिवाय कुठं गेली नव्हती. अर्थात मीही गेलो. ती पाण्यात उतरणार आणि मी घरी पंख्याखाली बसणार, असा मी नाही.

रिसॉर्टच्या दारात मनगटाला पिवळी कागदी पट्टी बांधली, बाजारात बैलाला खूण करतात तशी. दशम्यांचा डबा दारातच काढून घेतला, बाहेरचं अन्न चालत नाही म्हणे. आत एका चौथऱ्यावर नळीला भोकं पाडून पाऊस पाडत होते आणि त्याखाली मोठीमोठी माणसं गाण्यावर नाचत होती. ह्यांच्याच घरी टँकर आला नाही की सोसायटीत मारामाऱ्या होतात.

पूल निळा. संडासात टाकायचं औषध असतं तसा निळा. कमरेएवढं पाणी. त्यात पंचवीस-तीस माणसं उभी, फोन वर धरून. पोहत एकही नव्हता. आणि पाटी, नायलॉनचे कपडे सक्तीचे. लुगडं चालणार नाही.

मी म्हटलं, "झालं. चल." मला वाटलं, ही आता फिरेल.

ती भाड्यानं कपडे देणाऱ्या खिडकीवर गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती काळी विजार आणि बाह्यांचा सदरा घालून, अंबाडा घट्ट बांधून. लुगडं, बांगड्या आणि चष्मा माझ्या हातात दिला. सून म्हणाली, "आई, पायऱ्यांवरच बसा हं, आत नको." लेक कॅमेरा काढायला लागला. मी म्हटलं, ठेव तो.

पायऱ्या उतरताना तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला होता. चौथ्या पायरीवर सोडला. वाकली, आणि गेली.

लोकांना वाटलं म्हातारी पडली. बायका किंचाळल्या, शिट्टी वाजली, एकजण उडी मारायच्या बेतात. आणि ती मधून निघाली, एका कुशीवर, लांब हात टाकत, आवाज न करता. फोनवाले बाजूला झाले. पलीकडच्या भिंतीला हात लावून ती वळली आणि परत आली. लंगडणं जमिनीवर राहिलं होतं. मी लुगडं छातीशी धरून उभा होतो, ते चुरगळलं. मी इतकी वर्षं जिच्याबरोबर राहिलो तिला पोहताना पहिल्यांदा पाहत होतो.

माझ्या पायाशी येऊन तिनं तोंडावरचं पाणी निपटलं. "मेलंय वो ह्ये पाणी. वडत न्हाई का ढकलत न्हाई."

"मग नीघ बाहेर."

"हाईत पर."

"काय?"

"गुडघं." आणि परत वळली.

दिवस मावळेपर्यंत ती बाहेर आली नाही. त्या रात्री मी परक्या छपराखाली झोपलो. गादी फार मऊ होती, असल्या गादीनंच माणसं निकामी होतात.

आता काठी आली आहे. ती काठी टेकत ती दर आठवड्याला बसनं एका साध्या सरकारी स्विमिंग पूलवर जाते, मी बरोबर असतो, लुगडं घेऊन बाकावर. पाणी तिथलंही मेलेलंच, आणि माणसं तिथंही उभीच. पण नायलॉनचे कपडे आता तिचे स्वतःचे आहेत, लेकानं आणून दिलेले. घरी आल्यावर ते आमच्या गल्लीतल्या दोरीवर वाळतात, माझ्या धोतराशेजारी.

परवा समोरच्या घरातला दोरीकडं बघून म्हणाला, "काय अण्णा, ह्या वयात अज्जीला सर्कशीत घातलं?"

मी म्हटलं, "बायकोचे आहेत. कृष्णा पार केलेली बाई आहे ती. तू बादलीतनं तांब्यानं आंघोळ करतोस ना, कर."

आणि ते कपडे जरा पुढं ओढून, त्याच्या दारासमोर येतील असे पसरले.